साध्या पाण्याचे वाफे

माझा धंदा रोग पाळण्याचा आहे. लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात. मी बटाट्यावरचा करपा पाळते. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात एका कंपनीची प्रयोगशाळा आहे, तिच्या तळमजल्यावर माझी खोली. वरच्या मजल्यावर रसायनवाले बसतात. ते महिनोन्महिने काहीतरी ढवळतात, आटवतात, गाळतात आणि शेवटी चिमुकल्या बाटलीत चिमूटभर पांढरी पावडर घालून खाली पाठवतात. बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो. नाव ठेवण्याइतकी ती जगेल याची कुणालाच खात्री नसते. माझं काम एवढंच, की ती पावडर करप्यावर घालायची आणि कोण मरतं ते बघायचं. बहुतेक वेळा पावडर मरते.

करपा जिवंत ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही. त्याला दर आठवड्याला ताजी, कोवळी पानं लागतात, गारवा लागतो, ओल लागते. शेतात तो न बोलावता येतो आणि एका आठवड्यात रान काळं करून जातो. माझ्याकडे मात्र त्याचे नखरे नव्या जावयासारखे. दिवाळीला मी लातूरला गेले तर चौथ्या दिवशी परत निघते. आई म्हणते, एवढी कसली घाई? मी एकदा खरं सांगितलं, की तिकडे रोग उपाशी आहे. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं.

मोशीत आमच्या सोसायटीत मला झाडांची डॉक्टर समजतात. लिफ्टमध्ये शिरलं की कुणीतरी खिशातून जास्वंदीचं वाळकं पान काढून नाकासमोर धरतं. मी सांगते की मला फक्त रोग वाढवता येतो. लोकांना तो विनय वाटतो.

माझ्याकडे आलेल्या शेकडो पावडरींपैकी एक मेली नाही. तिच्या नंबरातले शेवटचे आकडे सत्तेचाळीस, म्हणून आम्ही तिला सत्तेचाळीसच म्हणायचो. बाजारातल्या जुन्या औषधाला आताशा करपा जुमानत नाही. ते औषध म्हणजे त्याला सकाळचा चहा झालंय. सत्तेचाळीससमोर मात्र त्याचे तंतू फुटेनात. काचेच्या बशीत फुटेनात, कुंडीतल्या रोपावर फुटेनात, हरितगृहात फुटेनात. सहा वर्षं मी तिच्यामागे होते. माझं वय पस्तीसचं एकेचाळीस झालं. या सहा वर्षांत मी दुसरं काय केलं, असं कुणी विचारलं तर मला आठवून सांगावं लागेल.

पण बशीतलं यश शेतात चालत नाही. पहिल्या वर्षी ज्या गावात चाचणी लावली तिथं गारपीट झाली. करपा यायच्या आत बटाटेच गेले. आमच्याकडे दर जानेवारीत एक कमिटी बसते, ती कुठला नंबर पुढं न्यायचा आणि कुठला बंद करायचा ते ठरवते. कमिटीनं सत्तेचाळीसला आणखी एकच हंगाम दिला. यंदा शेतात फरक दिसला तर पुढं, नाहीतर बाटली कपाटात. त्या कपाटातून बाहेर आलेली बाटली मी आजवर पाहिलेली नाही.

दुसऱ्या चाचणीला जागा मिळाली ती निघोज्यात. एक एकर रान, एका बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला भाड्यानं दिलेल्या खोल्यांची रांग. खोल्या आणि रान एकाच घरचं. बाकी जमीन कंपन्यांना गेली, मुलांचे टेम्पो झाले, पांढरी मोठी गाडी झाली. हा एकर घरातल्या मालकीणबाईंनी सोडला नाही. का, असं मुलगा विचारायचा, तर त्या म्हणायच्या, "मंग म्या दिसभर काय करू? तुजी गाडी पुसू?" आम्ही तो एकर हिवाळ्यापुरता चाचणीसाठी घेतला होता. बाई साठीच्या असतील. मी त्यांना मावशी म्हणू लागले. त्या मला मॅडम म्हणायच्या, आणि रागावल्या की पोरी.

करप्याची बुरशी शास्त्राच्या हिशेबानं खरी बुरशी नव्हेच, ती शैवालाच्या भावकीतली आहे, असं मी एकदा ज्ञान पाजळलं. मावशी म्हणाल्या, "भावकी हाय व्हय? तरीच येवडं वाटोळं करती."

चाचणीची रीत अशी. रानाचे सोळा वाफे पाडले. चार वाफ्यांना सत्तेचाळीस, चारांना जुनं औषध, चारांना बाजारातलं एक महागडं औषध, आणि उरलेल्या चारांना नुसतं पाणी. पाण्याचे वाफे हे चाचणीचं काळीज. त्यांच्यावर करपा आला पाहिजे, पाला काळा पडला पाहिजे, तरच बाजूचा हिरवा वाफा औषधानं वाचला असं म्हणता येतं. पाण्याचा वाफा जितका वाईट मरेल तितकी चाचणी चांगली. हे सांगताना मला कधी काही वाटलं नव्हतं. मावशींना सांगताना पहिल्यांदा जीभ जरा अडखळली.

"म्हंजे ह्या चार वाफ्यांस्नी काय न्हाईच द्यायचं?"

"पाणी द्यायचं."

"पान्यानं करपा जातो?"

"नाही."

"आन् कुनी ठरिवलं ह्योच वाफा मारायचा म्हनून?"

"कॉम्प्युटरनं. चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं ते."

"त्याची शेती हाय का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी त्या वाफ्यातल्या एका रोपाचं पान उलटं करून बघितलं, सरळ केलं आणि म्हणाल्या, "ह्यांनी काय तुमचं घोडं मारलं व्हतं?"

मी वाफ्यांच्या पाट्या सरळ करायला घेतल्या.

फवारणी मी स्वतः करायची. पाठीवर पंप, तोंडाला मास्क, हातमोजे, एप्रन. दुसऱ्या कुणाच्या हातात मी पंप दिला नाही, कारण माझा कुणावर विश्वास नाही. आमच्या ऑफिसात मी याबद्दल प्रसिद्ध आहे. प्रत्येक औषधाचा वेगळा डबा, वेगळ्या रंगाचं झाकण: जुन्याचं लाल, महागड्याचं निळं, सत्तेचाळीसचं हिरवं. कुठल्या डब्यात काय ते मावशींना सांगितलेलं नव्हतं. फवारून झालं की डब्यात थोडंबहुत उरतंच. ते बांधाजवळच्या खास खड्ड्यात ओतायचं, डबा तीन पाण्यांनी धुवायचा, आणि फॉर्मवर 'उरलेले द्रावण खड्ड्यात ओतले' यापुढे खूण करून सही ठोकायची.

दव वाळल्यावर फवारणी सुरू करायची म्हणजे संपायला अडीच वाजायचे. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटते. मग रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस, ट्रेलर आणि दुचाक्या यांची जी खिचडी होते तिच्यात अडकलं की प्रयोगशाळेत करप्याची पानं बदलायला संध्याकाळ. पहिल्याच फवारणीला मावशी म्हणाल्या, "तू जा मॅडम, वतायचं काम म्या करते." मी त्यांना माझे हातमोजे दिले, खड्डा दाखवला, स्कूटीच्या सीटवर फॉर्म ठेवून सही केली आणि निघाले. पुढच्या प्रत्येक फवारणीला तेच. जिचा कुणावर विश्वास नाही तिनं नेमका या एका जागी ठेवला.

डिसेंबरात धुई पडायला लागली. सकाळी नऊ वाजेपर्यंत कारखान्याची भिंत दिसायची नाही. करप्याला असलं हवामान म्हणजे माहेर. रस्त्यापलीकडच्या एका रानातले बटाटे आठवड्यात काळे झाले, वास सुटला. मी खूश होते. हातात पॅड घेऊन आमच्या वाफ्यांत शिरले.

जुन्या औषधाचे वाफे डागाळले होते. अपेक्षितच. महागड्याचे बरे होते. सत्तेचाळीसचे हिरवेगार. आणि पाण्याचे? तेही हिरवेगार.

मी पाट्या तपासल्या. नकाशा उलटा तर धरला नाही ना ते पाहिलं. वाऱ्यानं औषध उडून आलं का म्हणून वाऱ्याच्या नोंदी काढल्या. चारही वाफे चार कोपऱ्यांत. वारा एकाच वेळी चारही दिशांना वाहिल्याशिवाय ते शक्य नव्हतं. दर चार दिवसांनी जाऊन पाहत होते, आणि साधं पाणी जिंकत होतं.

आमचे साहेब रसायनवाल्यांचे प्रमुख. सत्तेचाळीस त्यांच्याच टेबलावर जन्मली. मितभाषी माणूस. माझा तक्ता त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे पाणी आपल्या जुन्या औषधापेक्षा भारी आहे."

"तक्त्यावरून तरी."

"पाण्याचं पेटंट मिळत नाही," ते म्हणाले आणि तक्ता परत दिला.

कमिटीत काय होणार ते उघड होतं. पाण्याचा वाफा वाचला म्हणजे चाचणीच बाद, आणि नुसत्या पाण्यानंही झाड वाचत असेल तर सत्तेचाळीसनं वेगळं काय केलं? मी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. सहा वर्षांत एकदा रडायला हरकत नसावी.

जानेवारीच्या सुरुवातीला काढणी झाली. ज्या औषधाला अजून सरकारी परवाना नाही त्याचे बटाटे कुणी खायचे नाहीत. ते मोजून पुरायचे, असा नियम. पाण्याच्या वाफ्यांवर औषध नसतं, म्हणून ते जागेच्या मालकाला द्यायला कंपनीची हरकत नव्हती. मी मावशींना म्हटलं, "हे चार वाफ्यांचे बटाटे तुमचे. चांगले पोसलेत."

ही बाई शेंगांची टरफलं शेळीसाठी जपून ठेवणारी. चहा गाळून उरलेली पूड गुलाबाला घालणारी. त्या ढिगाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको. पुर त्ये बी."

"अहो, यांच्यावर नुसतं पाणी आहे."

"न्हाई."

"काय नाही?"

"निस्तं पानी न्हाई." त्यांनी पदर खोचला, सोडला, परत खोचला. "घरात नातू हाय माजा. त्येला कसं घालू? तू पुर सगळं."

मग सांगितलं. उरलेलं औषध खड्ड्यात ओतायला त्यांचा हात धजेना. अन्न आणि औषध सांडत नसतात, हे त्यांच्या सासूनं त्यांना शिकवलं होतं. एकीकडं चार वाफे बिनऔषधाचे, दुसरीकडं औषध मातीत. मी गेले की त्या डब्यात उरलेलं आपल्या घरच्या पंपात घालून वर पाणी ओतायच्या आणि पाण्याचे चार वाफे फवारायच्या.

"कुठल्या डब्यातलं?"

"हिरव्या झाकनाच्या. पाला हिरवा ऱ्हावा म्हनून त्येच धरलं. बाकी दोन खड्ड्यातच वतलं, तुज्या कायद्यापरमानं. तांबडं तर बेकार हाय. निळं बरं हाय, पर हिरव्याची सर न्हाई. तिसऱ्या बारीलाच कळलं मला."

मी बांधावर बसले. आमच्या दोन मजल्यांना, एका कमिटीला आणि मला जे ठरवायला सहा वर्षं लागत होती ते या बाईंनी तीन फवारण्यांत, कुठल्या डब्यात काय आहे हे माहीत नसताना, ठरवून टाकलं होतं. सत्तेचाळीस कागदावर मेली होती, कारण रानात तिनं जरा जास्तच चांगलं काम केलं होतं. उरलीसुरली, वर पाणी ओतून पातळ केलेली सत्तेचाळीससुद्धा करप्याला पुरून उरली होती.

मला आनंद झाला आणि त्याच दमात भयंकर राग आला. मी ओरडले. सहा वर्षं, पगार, नोकरी, कायदा, विषारी असतं तर, हातमोजे तरी घातले होते का?

"घातलं व्हतं. तुजंच. हे बग, धुऊन वाळत घातल्यात." खोलीच्या दारातल्या दोरीवर माझे हातमोजे दोन चिमटे लावून टांगलेले होते.

मी आणखी ओरडले. मावशींनी एक बटाटा उचलून माती झटकली, परत ढिगात ठेवला. मग म्हणाल्या, "तू सही कशी केली पोरी? तू तर बगितलंच न्हाईस."

मी ओरडायची थांबले.

पुढचे चार दिवस मी तोंड उघडलं नाही. ते चार दिवस इथं लिहिलेच पाहिजेत, नाहीतर मी उगाच शहाणी ठरेन. गप्प राहिले असते तर सत्तेचाळीस कपाटात गेली असती, माझी सही शाबूत राहिली असती आणि मावशींचं रान आमच्याकडे राहिलं असतं. बोलले असते तर माझ्या सहा खोट्या सह्या बाहेर, आणि वर त्या बाईंवर ठपका. चौथ्या दिवशी बशीतली पानं बदलताना मी करप्याकडे पाहिलं. तो मजेत वाढत होता. म्हटलं, हा जिंकणार, आणि तेही माझ्या सहीनं. जिना चढले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "किती पातळ केलं होतं?"

"दोन तांबे उरलेलं, वर पंपभर पाणी, असं म्हणतात."

त्यांनी कागदावर काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. आकडा आला तो बराच वेळ बघत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय असं मला वाटलं, पण त्यांना सर्दीही होती.

मला ताकिदीचं पत्र मिळालं, ते मी अजून जपून ठेवलंय. मावशींचा पंप आधी कशाकशासाठी वापरला होता हे कुणालाच सांगता येईना, त्यामुळे त्यांची चाचणी काही चाचणी ठरली नाही. पण कमिटीतल्या लोकांनी एकदा ऐकलेलं त्यांना विसरताही येईना. एक हंगाम वाढवून मिळाला. जागा बदला, असं सगळे म्हणाले. साहेब म्हणाले, "जागा तीच. जिनं स्वतःहून सांगितलं तिच्याइतका भरवसा दुसरीकडे कुठे मिळणार?" माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, एवढी दया केली.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सोळा वाफे. पुन्हा कॉम्प्युटरच्या चिठ्ठ्या. पाण्याच्या चार वाफ्यांपैकी एक नेमका मावशींच्या दारासमोर आला. बदलता येत नाही, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे." मग थोड्या वेळानं, "पर पानी म्या मारनार."

"कशाला?"

"मारनार."

शेवटी पाणीच ते, आणि पंपही कंपनीचाच नवा कोरा. मी हो म्हणाले. उरलेलं औषध आता मी स्वतः खड्ड्यात ओतायची. तीन पाण्यांनी डबा धुवायची, फोटो काढायची, मगच सही. रस्त्यावरच्या खिचडीत दर फवारणीला अडकायची. आणि ओतताना दर वेळी मागं वळून बघायची. मावशी पाठीवर पंप घेऊन पाण्याच्या वाफ्यांतून फिरत असायच्या. पानाच्या वरून, पानाच्या खालून, देठाशी, बुडाशी. मी सत्तेचाळीससुद्धा कधी इतक्या काळजीनं फवारली नव्हती. एकही पान कोरडं सोडायच्या नाहीत.

धुई पडली. करपा आला. या वेळी तो पुस्तकात लिहिल्यासारखा आला. दारासमोरचा वाफा सगळ्यांत आधी गेला. मावशी सकाळी उठून उंबऱ्यात यायच्या तर समोर तेच. पाला काळवंडला, लोळला, वास सुटला. सुनेनं दाराला पडदा लावला, तो त्यांनी काढून टाकला. तरी पाण्याची एक बारी त्यांनी चुकवली नाही. मेलेल्या पाल्यावरही मारलं.

मी पॅड घेऊन गेले. सत्तेचाळीस: शेकडा दोन पानं गेलेली. जुनं: निम्मं रान. पाणी: शंभर. तो शंभर लिहायला मी सहा, नाही, सात वर्षं थांबले होते. लिहिताना मावशी शेजारी उभ्या होत्या. मी तो आकडा जरा बारीक अक्षरात काढला.

काढणीच्या दिवशी कमिटीचा निर्णय येऊन गेला होता. मावशींनी विचारलं, "झालं का तुजं हिरवं पास?"

"झालं."

"म्हंजे आता लोकांच्या रानात जानार त्ये."

"अजून तीन-चार वर्षं तपासण्या आहेत. मग जाईल."

त्यांनी मान हलवली. काळ्या पडलेल्या वाफ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे ही मेली, म्हनून त्ये जगलं."

मला नियम सांगता आला असता, तुलना, पुरावा, गरज, सगळं. मी म्हणाले, "व्हय."

पाण्याच्या वाफ्यांत बटाटे आले ते गोट्यांएवढे. घमेलंभर तरी निघाले असतील. मावशींनी ते निवडले, माती झटकली, पिशवीत भरले आणि अर्धे माझ्या स्कूटीच्या डिक्कीत ठेवले. "खा. निस्तं पानी हाय ह्यांच्यावर. म्या सोता मारलंय."

मोशीला येऊन मी ते धुतले. सोलण्याजोगे नव्हते, म्हणून सालीसकट उकडले, मीठ-तिखट लावलं आणि ओट्याशी उभी राहूनच खाल्ले. एकही टाकला नाही.